आखूड पेरांची हरळी

शेतकरी ज्या गवताला शिव्या घालतो, त्याच गवतावर आमचं घर चाललं. माझे बाबा यवतमाळातल्या एका फुटबॉलच्या मैदानाचे माळी होते. निंदणाच्या दिवसांत ते सायकल घेऊन आसपासच्या वावरांत जायचे आणि बायांनी उपटून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, फेकलेली हरळी पोत्यात भरून आणायचे. बाया हसायच्या. "मामा, आमी मरमर उपटतो अन् तुमी लावता!"

बाबा पोतं सायकलला बांधून निघायचे. मैदानात आले की विळ्यानं हरळीचे बोटबोट तुकडे करायचे, ओल्या मातीवर पसरायचे आणि आम्हा पोट्ट्यांना चपला काढून त्यावर चालायला लावायचे. एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंत, खांद्याला खांदा लावून. आम्हाला खेळायचं असायचं आणि हा माणूस आम्हाला बैलासारखं जुंपायचा. बाकीची पोरं पळून जायची. मला मात्र आणखी एक फेरी मारावी लागायची, कारण बाप माझा होता.

"पाय पडल्याशिवाय हरळी बसत नाही," एवढंच त्यांचं म्हणणं.

पाणी कधी द्यायचं हेही ते तळपायानंच ठरवायचे. पहाटे अनवाणी एक चक्कर मारायची, मग नळी कुठं ओढायची ते ठरायचं. मी पुढे शाळेत मास्तर झालो, मैदान सांभाळणाऱ्या मंडळाचा सभासद झालो, पण ती भाषा माझ्या पायांना कधी आली नाही.

बाबा थकले तसं मैदानही थकलं. पावसाळ्यात गोलपुढे डबकं, उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा. पोरांचे घोटे मुरगळायचे. मंडळात कृत्रिम गवताचा विषय निघाला तेव्हा हात वर करणाऱ्यांत पहिला मी होतो. तो निर्णय चुकला असं मी आजही म्हणणार नाही. आता पोरं बारमाही खेळतात, मुलींचा संघ झाला आहे. मे महिन्यात दुपारी त्यावर अनवाणी उभं राहवत नाही हे खरं, पण दुपारी खेळतं कोण? माझी चूक वेगळीच होती. मी बाबांना सांगितलं नाही.

यंत्र आलं आणि त्यानं एका सकाळीत सगळी हरळी मुळासकट खरवडून ट्रॉलीत भरली. मी कडेला चहाचा कप धरून उभा होतो. बाबांची लावणी आणि आमची पायपीट तेवढ्या वेळात संपली. घरी येऊन मी नेहमीसारखा जेवलो.

तोवर बाबांना काचबिंदूनं जवळजवळ दिसेनासं झालं होतं आणि खुब्याच्या दुखण्यानं ते खाटेला लागले होते. घरात आम्ही दोघेच. मी संध्याकाळी परतलो की त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा.

"मैदान कसं हाये?"

"बरं हाये, बाबा."

"पानी देलं?"

"देलं."

एक खोटं सांभाळायला माणसाला किती राखण करावी लागते! त्यांच्या मैदानावर खेळलेले जुने खेळाडू दर रविवारी भेटायला यायचे. कोणाच्या तोंडून काही निघालं तर, या धास्तीनं मी त्यांना दारातूनच परत पाठवू लागलो. बाबा झोपलेत, बाबांना बरं नाही. लोक समजूतदार असतात. हळूहळू यायचेच बंद झाले.

अशी दोन वर्षं गेली. मग एका संध्याकाळी बाबा म्हणाले, "उद्या येतानी मूठभर हरळी आन. हातात घेऊन पाह्यतो."

दुसऱ्या दिवशी शाळेला दांडी मारून मी बोरी अरबला बहिणीकडे गेलो. तिच्या वावराच्या धुऱ्यावरून खुरप्यानं हरळीचं मातीसकट ढेकूळ काढलं. बहीण म्हणाली, "सांगून टाक न दादा. कायले जीव जाळतं?" मी ऐकलं नाही.

घरी येऊन ते ढेकूळ मी बाबांच्या हातात दिलं. त्यांनी वास घेतला. मग एक काडी धरून अंगठ्यानं तिचं एकेक पेर चाचपत शेंड्यापर्यंत गेले. पुन्हा बुडाशी आले.

"हे कोनाच्या धुऱ्यावरची?"

मी त्यांच्या मांडीवर सांडलेली माती गोळा करू लागलो.

"पेरं पाह्य हिचे. बोटबोट लांब. मोकळी वाढली हे. आपल्या मैदानातली आखूड पेराची हाये, तिच्यावर पाय पडते." मग त्यांनी विचारलं, "कधी काढली?"

"दोन वर्सं झाले."

"मले काहून नाही सांगतलं? मीच काढून देली असती. मले तिचे मुळं ठाऊक होते."

मी लहान पोरासारखा रडलो. रडता रडता रविवारच्या माणसांचंही सांगून टाकलं, त्यांना मीच परत पाठवत होतो हे. गवताचं ऐकून बाबा शांत राहिले होते. हे ऐकल्यावर मात्र त्यांची मान खाली गेली.

"मले वाटे, पोट्टे मले विसरले," ते म्हणाले.

मग ते ढेकूळ त्यांनी माझ्या हातात परत दिलं. "फेकू नको. दारात लाव. लोकं येतीन तं पाय पडतीन."

मी त्याच दिवशी ते उंबऱ्याबाहेर लावलं. जुन्या खेळाडूंना फोन केले. येतो म्हणाले, या रविवारी नाही तर पुढच्या. पुढच्या रविवारच्या आधीच बाबा गेले.

त्या दिवशी आमच्या दारात माणूस मावत नव्हता. हरळी इतकी तुडवली गेली की दिसेनाशी झाली. महिनाभरानं पुन्हा फुटली.

आता मी पहाटे तिला पाणी देतो. एखादी काडी तोडून अंगठ्यानं पेरं चाचपतो. बोटबोट लांब आहेत.