शेठच्या भिंतीवरचा नकाशा

कामगारांनी गुपचूप काढलेला धोक्याचा नकाशा मी शेठच्याच कारखान्यात भिंतीवर विसरून आलो.

विकास-संवादाच्या एम.ए.चं ते माझं पहिलं फील्डवर्क. सुरतेजवळच्या कडोदऱ्यातल्या त्या लूमच्या कारखान्यात, शेठ जेवायला गेल्यावर, चार खानदेशी कामगारांनी मोठ्या कागदावर सगळे माग काढले आणि ज्या मागांत बोटं सापडतात तिथे एकानं बायकोसाठी घेतलेल्या पाकिटातल्या लाल टिकल्या चिकटवल्या. खाली प्रत्येकाचं नाव मात्र मीच हट्टानं लिहून घेतलं. त्यानं म्हणे सहभाग वाढतो!

रिक्षात बसल्यावर आठवलं. चार माणसांची नोकरी मी भिंतीला टांगून आलो होतो. धावत परतलो, तर शेठची गाडी दारात. आत शिरलो. भिंत रिकामी!

कोपऱ्यात त्या चौघांतले धुळ्याकडचे एक काका डबा खात होते. मला बघून त्यांनी मांडी जराशी उचलली. खाली घडी केलेला नकाशा होता.

तो माझ्या हातात कोंबत ते कानाशी म्हणाले, "भाऊ, समाज मागून बदल. पहिले आपला पसारा उचलायला शीक."