आपांनी मागितलेली रजा

आमच्या शाळेत शिक्षकांची संघटना नव्हती, भिशी होती. शारजात संघटना काढता येत नाही, हे इथे आल्यावर कुणी न सांगताही कळतं. भिशीला मात्र कुणाची हरकत नसते. महिन्यातल्या एका शुक्रवारी आम्ही दहाबारा जणी रोल्ला भागातल्या माझ्या फ्लॅटमध्ये जमायचो, साबुदाणेवडे खायचो आणि व्हाइस प्रिन्सिपलच्या नावाने बोटं मोडायचो. त्या फेब्रुवारीत वडे तसेच गार झाले, कारण नव्या कॉन्ट्रॅक्टचा मसुदा प्रत्येकीच्या फोनवर येऊन पडला होता.

त्यात एक कलम नवं होतं. सत्र चालू असताना शिक्षकाला देशाबाहेर जाता येणार नाही, कारण कोणतंही असो. आधी निदान हातापाया पडता यायचं. आमच्यातल्या जवळजवळ प्रत्येकीचे आईवडील तिकडे गोळ्यांच्या डब्यावर दिवस काढत होते. माझे वडील कराडला, नव्वदीकडे झुकलेले. मी सायन्सची बाई, भावनेच्या भरात सहसा वाहून जात नाही. पण ते कलम वाचून माझं डोकं फिरलं.

सगळ्यांनी मिळून मॅनेजमेंटला भेटायचं ठरलं. मागणी एकच, आईवडील गंभीर असतील तर पाच दिवसांची रजा. बोलायचं कुणी, याची चर्चासुद्धा झाली नाही. सगळ्यांचे डोळे आपांकडे वळले.

आपा रत्नागिरीकडच्या, हिंदी शिकवायच्या. आमच्यात सर्वांत मोठ्या. स्टाफरूममधला पहिला चहा त्यांना, वार्षिक समारंभात दिवा लावायचा मान त्यांना, आणि कुणाचं कुणाशी बिनसलं तर मिटवायलाही त्याच. मोठं माणूस बसलेलं असताना आपण पुढे होऊन बोलायचं नाही, हे आमच्या हाडीमाशी भिनलेलं. “आपा, तुम्हीच बोला,” असं एकीने म्हटलं आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. आपांनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग हो म्हणाल्या.

आम्ही बाकीच्या सगळ्या नवऱ्याच्या व्हिसावर होतो. नोकरी गेली असती तर चार दिवस तोंड पाडून घरी बसलो असतो, एवढंच. आपांचे यजमान फुजैराच्या बंदरात कामाला होते, ते अर्धांगवायूने घरी बसले होते. तेव्हापासून ते आणि मुलगी दोघंही आपांच्या व्हिसावर, आणि आपांचा व्हिसा शाळेचा. त्यांची नोकरी गेली तर अख्खं घर देशाबाहेर. हे आम्हाला ठाऊक होतं. पण मान देण्याच्या नादात ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही. असा मान आपलीच माणसं देऊ जाणोत.

शाळेचे मोठे साहेब दिल्लीकडचे, अतिशय सभ्य. त्यांनी आम्हाला बसवलं, करक, म्हणजे इकडचा कडक दुधाळ चहा मागवला आणि बदली शिक्षक मिळत नाहीत, पालक तक्रारी करतात, हे सगळं शांतपणे समजावून सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, आम्हालाही ओरडता आलं असतं. आपांनी सगळं ऐकून घेतलं.

“सर, मेरी माँ गई तब मैं आठवीं बी में कविता पढ़ा रही थी,” त्या म्हणाल्या. “छुट्टी नहीं मिली थी. मैंने पीरियड पूरा किया. वो कविता मैं आज तक दोबारा नहीं पढ़ा सकी.”

आमच्यापैकी कुणालाच हे माहीत नव्हतं. साहेबांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, “देखते हैं, इन्शाल्ला.”

पुढच्या आठवड्यात एचआरने एकेकीला आत बोलावलं. माझ्या कॉन्ट्रॅक्टमधलं ते कलम बदललेलं होतं. पाच दिवसांची रजा, आम्ही मागितली होती अगदी तशी. मी सही केली आणि खोटं कशाला सांगू, आनंदाने तरंगत बाहेर आले. आपांना शेवटी बोलावलं. त्या लगेच परत आल्या. वरच्या वर्गांचे हिंदीचे तास कमी होताहेत, म्हणून यंदा त्यांचं कॉन्ट्रॅक्ट नाही, असं त्यांना सांगितलं होतं. एप्रिलमध्ये हिंदीला दोन नव्या मुली रुजू झाल्या.

आम्ही पुन्हा साहेबांची भेट मागितली. या वेळी त्यांनी घोळक्याने यायचं नाही, एकेकीने या, असं कळवलं. एकेकीने गेलो. प्रत्येकीला त्यांनी चहा पाजला, आणि खलास.

आपांकडे निरोपाला गेले तेव्हा यजमान खुर्चीत बसून सामानाची बांधाबांध बघत होते. मुलगी बारावीत जाणार होती. तिचा जन्म इथला. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर म्हणाली, “आय डोन्ट नो एनीवन देअर, आंटी.” आपांनी अबुधाबीच्या दोन शाळांत अर्ज केले होते. त्या शाळा आमच्या शाळेत चौकशी करणार, हे त्यांनाही कळत होतं, मलाही. मी काहीबाही बोलत राहिले. अशा वेळी माणूस किती फालतू बोलतं याला सीमा नाही.

दिवाळीच्या जरा आधी कराडहून भावाचा फोन आला. मी अर्ज दिला, त्याच दिवशी मंजूर झाला. त्या कलमाखाली रजा घेणारी मी पहिली. वडिलांनी मला ओळखलं, केव्हा आलीस म्हणून विचारलं, माझ्या हातून दोन चमचे पेज घेतली. दुसऱ्या दिवशी गेले.

आपांना कुणीतरी कळवलं असावं. गावाहून त्यांचा फोन आला तेव्हा पाठीमागे मुलगी कुणाशी तरी इंग्रजीत भांडत होती.

“भेट झाली ना?” आपांनी विचारलं.

“झाली.”

“ओळखलं त्यांनी?”

“ओळखलं, आपा.”

“बस, बाय, मग फुकट नाही गेलं.”

मी यजमानांची तब्येत विचारली. तिकडे फिजिओथेरपीला रोज तालुक्याला नेणं जमत नाही, म्हणून ती बंद झाली होती. चालणं सुटलं त्यांचं, असं आपा म्हणाल्या आणि लगेच मला जेवून घे म्हणाल्या. वडिलांसाठी माझं तोवर रडून झालं होतं. फोन ठेवल्यावर जे रडले ते आपांसाठी. घरातल्यांना वाटलं, वडिलांसाठीच रडतेय, आणि मी त्यांना तसंच वाटू दिलं.