क्लॅरी नोस्केचं गळकं छत

क्लॅरी नोस्के गवंडी होता. आखाताच्या या काठावरच्या बऱ्याच गावांत त्याने बांधलेल्या भिंती आहेत, आणि त्यांतली एकही कललेली नाही, हे तो स्वतःच सांगायचा. खरं होतं, म्हणून कुणी वाद घालत नसे. बायको गेल्यावर त्याने घर विकलं आणि धक्क्याजवळच्या कॅरव्हॅन पार्कमध्ये, माझ्या शेजारच्या जागेवर, आपली जुनी कॅरव्हॅन, म्हणजे मोटारीमागे ओढायचं चाकांवरचं घर, कायमची लावली. मी जहाजांच्या गोदीत पत्र्याचं काम करायचो. सकाळी गळ टाकायचा, दुपारी चहा घ्यायचा, उरलेल्या वेळात एकमेकांच्या कामाला नावं ठेवायची, असं आमचं चालायचं.

इथे कॅरव्हॅन लावायला कुणी फार वेळ घेत नाही. चाकांखाली ठोकळे सरकवतात, पुढचं तोंड जरा खाली ठेवतात आणि खुर्ची काढून बसतात. क्लॅरीने मोटारीला जोडायच्या पुढच्या दांड्याखाली विटांचा खांब बांधला. चुना-सिमेंट कालवून, सांधे भरून, नीट. मग आत जाऊन प्रत्येक कोपऱ्यात बुडबुड्याची लेव्हल लावली. बुडबुडा मधोमध आला तेव्हा त्याने टेबलावर एक वाटाणा ठेवला आणि मला बोलावून दाखवला. वाटाणा हलला नाही.

छत मात्र गळत होतं. पलंगाच्या वर हवेसाठी झरोका आहे, त्याच्या कडेने. इथे हिवाळा जूनमध्ये येतो आणि पाऊसही तेव्हाच; दर वर्षी त्याआधी क्लॅरी शिडी लावायचा आणि कडेवर फटी बुजवायच्या सिलिकॉनची नळी पिळायचा. जुन्यावर नवं. सिलिकॉनवर दुसरं काही धरत नाही, सिलिकॉनही नाही. आधी जुनं खरवडून काढ, असं मी सांगितलं की तो म्हणायचा, पत्रेवाल्यांना खरवडायची खाजच असते.

गेल्या हिवाळ्यात त्याची मुलगी रेलीन ॲडलेडहून आली. गादी उचलली तर खाली काळी बुरशी, आणि म्हातारा खोकतोय. तिने घरी गेल्या गेल्या एक खोली रिकामी केली. क्लॅरीला ती खोली नको होती. जावई जेवतानाही बातम्या लावतो आणि समुद्र तिथून दिसत नाही, एवढंच कारण त्याने मला सांगितलं. बऱ्याच फोनांनंतर त्यांचं ठरलं: येत्या जूनमध्ये शनिवार ते सोमवार जोडून सुट्टी असते, तेव्हा रेलीन येणार. छत कोरडं असलं तर तो राहील. ओलं असलं तर सामान बांधायचं आणि तिच्याबरोबर निघायचं.

या वेळी त्याने माझं ऐकलं. सगळं सिलिकॉन काढलं. पत्र्यावर ओरखडा पडू नये म्हणून लाकडी पट्टीने, इंचाइंचाने. खांदे भरून आले की खाली उतरायचा, पण कुणाला हात लावू द्यायचा नाही. झरोक्याची चौकट सोडवली. खालची लाकडी पट्टी भुसभुशीत झाली होती, ती बदलली. पत्रा स्पिरिटने पुसला, चौकटीखाली मऊ रबरी पट्टी घातली आणि स्क्रू आवळले. आवळून थांबला नाही. पट्टी दबून बाहेर येते, म्हणून पुढे काही दिवस रोज थोडं थोडं आवळत राहिला. काम चांगलं होतं. मी तसं म्हणालो नाही. तो म्हणाला, "नाव ठेवायला काही सापडत नाहीये वाटतं."

पाइपने पाणी मारून बघितलं. थेंब आला नाही.

मेच्या शेवटी पाऊस आला, आणि सकाळी क्लॅरी हातात अर्धं भरलेलं भांडं घेऊन माझ्या दाराशी उभा राहिला. भांडं पलंगावर ठेवलं होतं, असं म्हणाला. रेलीनला आजच फोन करून टाकतो, उगाच सुट्टीपर्यंत कशाला थांबायचं, असंही म्हणाला.

पाऊस थांबला होता. मी शिडीवर चढलो. झरोक्याभोवती पाण्याचं तळं होतं. जुनं छत मध्ये थोडं खचलेलं, आणि पाण्याला कुठल्याच बाजूला उतार नाही. निलगिरीची पानं त्यात तरंगत होती, एका जागी. पाइपचं पाणी तेवढा वेळ टिकलं नव्हतं. साचून राहिलेलं पाणी वाट शोधतंच.

"वर ये," मी म्हणालो.

तो आला, बघितलं. 

"कॅरव्हॅनचं तोंड खाली करावं लागेल," मी म्हणालो.

"खांब बांधलाय."

"माहीत आहे."

"मी आयुष्यात वाकडं काही बांधलं नाही."

"मग ॲडलेडला जा. तिथलं घर सरळ असेल."

तो मला एक शिवी देऊन खाली उतरला आणि आत गेला. दुपारी छिन्नीचा आवाज ऐकू आला. मी बाहेर गेलो. पुढचा दांडा जॅकवर होता आणि क्लॅरी खांबाचा वरचा थर काढत होता. सांधा चांगला भरलेला, सहज सुटत नव्हता. तोडफोड करायची असती तर घणाचे दोन घाव पुरले असते. त्याने प्रत्येक वीट अखंड काढली, चुना खरवडला आणि विटा कॅरव्हॅनच्या कडेला रचून ठेवल्या. मग दांडा खाली टेकवला आणि मागचे टेकूचे पाय उंच केले. छतावरचं पाणी पुढच्या काचेवरून एकदम खाली आलं.

"झालं समाधान?" त्याने विचारलं.

सुट्टीतल्या शनिवारी दिवसभर पाऊस पडला. रेलीनने पलंगावर उभं राहून झरोक्याची चारही बाजूंची लाकडी कड हाताने चाचपली. नंतर गादीखाली हात घातला. सगळं कोरडं होतं. क्लॅरी शेगडीपाशी उभा होता, तिच्याकडे न बघता. कढईत अंडी फोडली तर दोन्ही एका कडेला जाऊन बसली.

"बाबा, घर कललंय तुमचं."

"हो."

"तुम्ही राहू शकाल अशा घरात?"

"राहतोय ना."

तिने हाताची धूळ झटकली. त्याच्यासाठी रिकाम्या केलेल्या खोलीत आता शिवणयंत्र ठेवते, म्हणाली, आणि अंडी जळताहेत म्हणून त्याच्या हातातून उलथनं काढून घेतलं.

ती सोमवारी गेली. मंगळवारी क्लॅरी माझ्याकडे पत्र्याचा तुकडा मागायला आला. घड्या घालता येतील असा पातळ पाहिजे, म्हणाला. मी बरोबर गेलो. टेबल तिरकं, पलंग तिरका, दार उघडं सोडलं की आपोआप मिटत होतं. त्याचं त्याला काही नव्हतं. त्याने पत्र्याच्या तुकड्याच्या घड्या केल्या, तो शेगडीच्या उताराकडच्या पायांखाली सरकवला, शेगडीवर लेव्हल ठेवली, तुकडा थोडा मागे ओढला, पुन्हा बघितलं.

बुडबुडा मधोमध आला. मग त्याने कढई ठेवली.