बरगे काढण्याचा अर्ज आणि काहिलीतले पाहुणे

अर्जदार : पंचगंगेकाठी पिढ्यान्‌पिढ्या नाव चालवणारे एक नावाडी.
अर्जलेखक : मी स्वतः. शिक्षण सातवी, अनुभव दांडगा.
दिनांक : मागच्याच महिन्यातला एक रविवार, धरणाचा तळ दिसू लागल्यानंतरचा.
साक्षीदार : घाटावर जमलेला गाव. नावे कुणाचीच देत नाही. सर्वांना पुन्हा माझ्याच दारी यायचे आहे.

हकीकत येणेप्रमाणे. कसबा बावड्याच्या पुढे आमचा घाट आहे. धरणात पाणी कमी, म्हणून नदीत सोडणेही कमी, आणि नाव चिखलात कलंडलेली. नावाड्याच्या लेकीला पाहायला पैलतीरावरून पाहुणे येणार होते. त्यांना आपल्या नावेतून आणावे, ही त्याची हौस. पुलावरून वळसा घालून गाडीने आलेले पाहुणे त्याच्या लेखी पाहुणेच नव्हेत. सबब, आमच्या खालच्या बंधाऱ्यात पाणी अडवणाऱ्या फळ्या, म्हणजे बरगे, आणखी घालावेत, असा अर्ज करण्याचे ठरले.

बरग्यांचा अर्ज मी दरवर्षी लिहितो, पण तो पावसाळ्याआधी. पूर येण्यापूर्वी ते काढावेत, असा. तोच जुना मसुदा समोर ठेवून मी सुवाच्य अक्षरात उतरवला आणि तारीख तेवढी बदलली. गावाने विश्वासाने, न वाचता सह्या केल्या. एरवी वर्षभर उत्तर न देणाऱ्या कार्यालयाने या खेपेस तिसऱ्याच दिवशी बरगे काढले. संध्याकाळपर्यंत मधल्या धारेत मांडीभर पाणी उरले.

नावाडी माझ्या दारी आला. मग शांतपणे म्हणाला, "सायेब, तुमच्या अर्जात ताकद लई हाय. दिशा तेवढी बघायची हुती की."

चूक मी तत्काळ मान्य केली आणि उपायही मीच काढला. गुऱ्हाळाचा हंगाम संपून गूळ उकळण्याची मोठी काहील पालथी पडली होती. तिला तरंगायला थोडके पाणी पुरते. पुरात आमच्याकडे माणसे तिच्यातूनच काढतात. रविवारी मुलगा व त्याचे आईवडील तिच्यात बसले. नावाडी आणि मी विजारी खोचून, पाण्यातून चालत तिला ढकलू लागलो. काहील गोल, तिला पुढचे-मागचे कळत नाही. ती फिरू लागली. मुलाच्या आईने आधी डोळे मिटले, मग काठ घट्ट धरून विचारले, "पावणं, आमास्नी बी गुळासारखं घोटताय व्हय?"

घाटावर हशा पिकला. चार दिवसांत नावाडी प्रथमच हसला.

पुढे पोह्यांच्या वेळी मुलीनेच मुलाला विचारले की, नाव वल्हवता येते का. त्याने नाही म्हणून कबूल केले. तिने शिकवण्याचे आश्वासन दिले व लग्न ठरले.

नावाड्याचा हट्ट मात्र कायम आहे. पाहुणे काहिलीतून आले, ते आले. लेक त्याच्या नावेतूनच सासरी जाईल. कोरड्या काठावर तो रोज त्या नावेला डांबर चोपडत बसतो.

तरी संबंधितांस विनंती की, लग्नापूर्वी बरगे पुन्हा घालावेत आणि धरणातून सुटेल त्यातले थोडे पाणी आमच्या घाटापुढे थांबू द्यावे. हा मजकूर कोणताही मसुदा समोर न ठेवता लिहिला असून नावाड्यास दोनदा वाचून दाखवला आहे. लेखी उत्तर मिळावे. आम्ही रोज घाटावरच असतो.