आत्याच्या उंचीची खिडकी

“झोपल्या मान्साला हवा लागली म्हंजे झालं, बघायचंय काय?” मुरबाडच्या गॅरेजमधला मिस्त्री बाबांना म्हणाला आणि आमच्या जुन्या मॅटाडोरच्या बंद पत्र्यावर त्याने खडूने खिडकीचा चौकोन आखून खालच्या रेघेवर खुणेची दोन भोकं पाडली. खिडकीच्या काचेभोवती बसवतात तसल्या नव्या रबराचा वास आला की मला आजही ती दुपार आठवते. कंबरेच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेली आत्या कितीतरी महिने बाबांना एकच म्हणत होती, “दादा, येकदा धसईचा बाजार दाखव.” म्हणून बाबांनी गाडीत फळ्यांचा पलंग ठोकून घेतला होता, आणि भंगारातून आणलेली सरकत्या काचेची खिडकी बसली की आत्याला घेऊन निघायचं होतं. बाबा आणि माझा मोठा भाऊ आळीपाळीने पलंगावर बसले, इथून झकास दिसेल म्हणाले आणि खुशीत चहा मागवला. “ताई, तुमी पन बसून बघा. का विंग्रजी शाळेत बसायला शिकवत नाय?” मिस्त्रीने मला विचारलं. सगळे हसले, मलाही हसू आलं. मी आत गेले आणि पलंगावर आत्यासारखी आडवी झाले. खिडकीच्या खालच्या रेघेवरच्या त्या दोन भोकांतून उजेड येत होता, पण माझ्या डोळ्यांच्या बराच वर. तेवढ्यात बाहेर कटर सुरू झाला. मी उडी मारून उतरले आणि त्या आवाजाच्या वरताण ओरडले, “थांबा मिस्त्रीकाका! खिडकी चांगली वीतभर खाली घ्या, आत्याला आभाळ नाही, बाजार बघायचाय!”