खांबापाशी थांबलेली होडी

काल अंगणात बोंबील वाळत घातले आणि त्या वासानं एडवणच्या किनाऱ्यावरची एक जुनी दुपार आठवली. वारा सुटला होता. सगळ्या होड्या परतल्या, फक्त माझ्या नवऱ्याची राहिली होती. मग लांब पाण्यावर एक ठिपका दिसला, पण तो जागचा हलेना.

शेजारची जानकी म्हणाली, "विंजन बंद पडलं वाटतं."

"गप ऱ्हा गो, काळतोंडे!" सासू खेकसली. मला तिनं बोंबलांच्या मांडवाच्या खांबामागं बसवलं. "एक डोळा मीट, ठिपका खांबाच्या कडेला धर. होडी खांब सोडून सरकली तर दुसऱ्या गावची. तिथंच ऱ्हाऊन मोठी झाली तर आपल्याकडं येते."

डोळ्याला पाणी येईपर्यंत मी बघत बसले. ठिपका खांबाला चिकटूनच राहिला आणि हळूहळू नखाएवढा झाला.

नवरा उतरला तो म्हणाला, "चा ठेवलास का गो?" तेव्हा मला त्याचा रागच आला.

आता तो नाही, सासू नाही, होडीही विकली. काल अंगणातनं समुद्राकडं बघितलं, तर एक होडी तशीच मांडवाच्या खांबापाशी थांबली आणि मोठी होत गेली. माझी नव्हे, हे मला ठाऊक होतं. तरी उठून चहा ठेवला. दोन कप झाला. दोन्ही मीच प्याले.