जमिनीपेक्षा मोठा आवाज

सुजे, अशी जवळ ये. अजून जवळ. मला लांबून बोलता येत नाही, आणि तुला लांबूनच ऐकायची खोड लागलीय, ती काही चांगली नाही. सांगलीच्या पत्त्यावर तीन पत्रं टाकली, एकाचं उत्तर आलं असेल तर शपथ. तेरा वर्षांची पोर तू, एवढा हट्ट कुठून आणलास गं? बापाचाच असणार म्हणा. तुझी आई म्हणाली, रविवारची पुरवणी तू शेवटच्या ओळीपर्यंत वाचतेस. म्हटलं, मग इथंच गाठावं तुला. बाकीच्या वाचणाऱ्यांनी रागावू नये, त्यांनीही बसावं. ज्याचं सांगतेय तो माझा धाकटा भाऊ प्रकाश, ह्या सुजाताचा बाप. सहा आठवडे झाले त्याला जाऊन.

त्या दिवशी सकाळी मी जेवणाचा डबा घेऊन पाटणच्या स्टँडवर उभी होते. प्रकाश कावीळ होऊन कराडच्या दवाखान्यात पडलेला, त्याला मऊ भात घेऊन चालले होते. गल्लीतला शंकर मोटरसायकलवरून आला, माझ्यापुढं थांबला आणि नुसता डब्याकडं बघत राहिला. "आक्का, डबा नगा नेऊ आता," एवढंच म्हणाला... डबा अजून गरम होता. दुपारी तू आणि तुझी आई सांगलीहून आलात. आणि त्या गर्दीत गल्लीतली एक बाई बोलून गेली, "लेकीपायी मोडला गं मानूस." तू ऐकलंस ते. मी तुझ्या शेजारीच होते, तुझं तोंड मी बघितलं. संध्याकाळच्या एसटीनं तू गेलीस ती जलदान विधीलाही आली नाहीस. म्हणून हे सगळं सांगायला बसलेय. नीट ऐक.

आमच्या खोऱ्यात जमीन बोलते, हे सांगलीच्या लोकांना सांगून कळायचं नाही. आधी खालून गुरगुर येते, भरलेला ट्रक घाट चढावा तशी. मग फळीवरची भांडी वाजतात, मग पाय हलतात. फार वर्षांपूर्वी मोठा भूकंप झाला तेव्हा प्रकाश सात वर्षांचा होता. आमची आई त्यात गेली. त्याला मी खाटेखालून पाय धरून ओढून काढला, तोंडात माती, डोळे उघडे, रडणं नाही की काही नाही. तेव्हापासून बारीक गुरगुर आली तरी तो असेल तसा बाहेर पळायचा. अंगाला साबण असला तरी. त्याच्या लग्नात मांडवामागून उसाचा ट्रक गेला, तर नवरदेव मांडवातून पसार! तुझी आई हार हातात घेऊन तशीच उभी. आम्ही हसलो खरं, पण हसताना माझ्या मनात धास्ती होती. एवढा सहा फुटी गडी, लष्करात गेलेला, आणि मातीनं नुसता घसा खाकरला की पांढराफटक.

लष्करात त्याची बदली पार पूर्वेकडच्या डोंगरात झाली होती. तिथली पोरं म्हणे रस्त्यारस्त्यावर गिटार वाजवतात. तिथनं त्याला हा नाद लागला. नव्वद सालाच्या पुढं कधीतरी तो पेन्शन घेऊन गावी आला तो काळी ट्रंक भरून कॅसेटी घेऊनच. कशावर कवटी, कशावर जाळ. पहिली कॅसेट लावली तेव्हा मी पीठ मळत होते, मला वाटलं गिरणीत खडा गेला. पळत आले.

"आक्के, ह्याला हेवी मेटल म्हनत्यात."

"मेटल म्हंजी रं काय?"

"लोखंड."

"व्हय, लोखंडच पडाय लागलंय डोक्यात. बंद कर."

बंद कसला करतोय! त्यानं स्पीकर धान्याच्या रिकाम्या पत्र्याच्या कोठीवर ठेवला, म्हणजे आवाज जमिनीतनं पायाला लागायचा. म्हणायचा, "ह्यो आवाज पोटात शिरला की पोटातलं भ्याव भायेर पडतं." मला ते पटलं नाही. पण तुम्हा दोघींना पटलं. तू सातची, माझी नात पिंकी पाचची. शाळेतनं आलं की दप्तर कोपऱ्यात आणि "कवटीवालं लावा!" वेण्या सोडायच्या, मान खाली घालून केस असे गरागरा फिरवायचे, आणि घशातनं वाघासारखं गुरगुरायचं. ते गुरगुरणं त्यानं तुम्हाला घोटून घोटून शिकवलं. "घशातनं न्हाई, बेंबीपास्नं काढा!" पिंकीला खोकला यायचा, तुला मात्र लगेच जमलं. तुझा आवाज ऐकून आमची शेळी दावं तोडायला बघायची. शेजारच्या काकी दारात येऊन म्हणाल्या, "आवं, पोरींच्या अंगात याय लागलं का काय? कुनाला तरी दावून घ्या." तर हा म्हणतो, "काकी, आमी बौद्ध मान्सं, छप्पन्न सालीच देवऋषी सोडला. तुमी आत या, तुमचा बी अंबाडा सोडूया." काकी पदर सावरत पळाल्या.

आणि मग एक दिवस गाणं चालू असताना खरी गुरगुर आली. भांडी वाजली. तू रडायला लागलीस. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात होते, माझी नजर प्रकाशवर. आता हा पळणार... तो पळाला नाही. तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता, पण त्यानं टेपचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि ओरडला, "सुजे, ती गुरगुरतीया, तू बी गुरगुर! तिच्यापरास मोट्यानं!" तू गुरगुरलीस. पिंकी गुरगुरली. हादरा आला तसा निघून गेला. प्रकाश भिंतीला टेकून घाम पुसत हसत होता, लहान पोरासारखा.

त्या वेळी काय बोलायला हवं होतं ते मला माहीत होतं, सुजे. आमची आई छपराखाली गेलेली मी बघितली होती. छपराखाली थांबायचं नसतं, हे माझ्याइतकं त्या गल्लीत कुणाला कळत होतं? पण पंचवीस वर्षं पळणारा माझा भाऊ त्या दिवशी पहिल्यांदा उभा राहिला होता. मला ते मोडवेना. मी गप्प बसले आणि चहा टाकला.

मग आमच्या घरात तो रिवाजच पडला. गुरगुर आली की बटण मोठं करायचं आणि पोरींनी बेंबीपासून ओरडायचं. दर वेळी काही व्हायचं नाही, आणि दर वेळी काही झालं नाही म्हणून आमचा धीर वाढायचा. तिकडं मागच्या भिंतीला भेग पडत होती. आधी केसाएवढी, मग करंगळी जाईल एवढी. मी शेणमातीनं लिंपायची. महिन्याभरात ती पुन्हा तोंड उघडायची. मी पुन्हा लिंपायची...

त्या दिवशी दुपारी मी अंगणात मिरच्या वाळत घालत होते, प्रकाश सायकलची साखळी बसवत होता. तुम्ही दोघी आत. गल्लीतली सगळी कुत्री एकदम गप्प झाली. भुंकली असती तर बरं वाटलं असतं. मग गुरगुर सुरू झाली आणि संपेचना. आम्ही दोघं ताडकन उठलो. तेवढ्यात आतलं गाणं मोठं झालं. बटण तू फिरवलंस. आणि त्याच्यावर तुमचे ते दोन बारके आवाज, गुरगुरणारे. "सुजे, भायेर या! भायेर!" तो घसा फोडून ओरडला. तुला ऐकू कसं जाणार? जमिनीपेक्षा मोठा आवाज काढायला आम्हीच शिकवलं होतं. जन्मभर घराबाहेर पळणारा माझा भाऊ त्या दिवशी घरात पळाला. मागची भिंत आत बसली. धुरळ्यात टेप थोडा वेळ वाजत राहिला, मग तोही थांबला. मी आत गेले तर तो ओणवा, चारी हातापायांवर, तुम्ही दोघी त्याच्या पोटाखाली, आणि त्याच्या कमरेवर दगड. तुमच्या केसांत माती, बाकी खरचटलंसुद्धा नव्हतं. तू मान वर करून विचारलंस, "पप्पा, आपन जिकलो का?"

तो म्हणाला, "व्हय." मग त्याची शुद्ध गेली.

साताऱ्याच्या दवाखान्यात तीन महिने काढले, उठला तो काठी घेऊनच. तुझ्या आईनं तुला शिक्षणासाठी म्हणून सांगलीला माहेरी नेलं. ती चुकली असं मी कधी म्हटलं नाही, तोही म्हणाला नाही. वर्षभर त्यानं ट्रंक उघडली नाही. एकदा असाच बसला होता, मला म्हणाला, "आक्के, पोरीची काय चूक? म्या शिकीवलं तसं तिनं केलं. शिकीवनाराच चुकला." मग मीही त्याला माझं सांगून टाकलं. त्या पहिल्या दिवशी बोलायचं होतं आणि मी चहा टाकला, ते. तो बराच वेळ काठीनं माती उकरत राहिला. "मग दोगांनी मिळून निस्तरू," म्हणाला.

आणि निस्तरलं त्यानं. टेप अंगणात आणला, कडुलिंबाखाली, लांब वायर ओढून. नवा कायदा केला, छपराखाली गाणं नाही. पाच वाजता गल्लीतली बारकी पोरं आपापल्या घरात जाऊन बसायची. हा कॅसेट लावायचा, सुरुवातीलाच खालच्या सुरात गुरगुरणारं गाणं शोधून. ती गुरगुर कानावर पडली की पोरांनी हातातलं टाकून धावत अंगणात यायचं. शेवटी येणाऱ्याला काठी घेऊन दटावायचा. सगळी आली की मग केस सोडून हवा तेवढा धिंगाणा. दोन पावसाळ्यांमागं जोराचा हादरा बसला, तेव्हा बायका घरात लुगडी सावरत होत्या आणि गल्लीतली झाडून सारी पोरं लिंबाखाली उभी होती. एकाला ओरखडा नाही. हे त्यानं तुला सांगितलं नसणार. सांगलीला यायचा, चिक्कीचा पुडा द्यायचा, तू मान खाली घालून घ्यायचीस आणि तो परत यायचा. इथं येऊन मला म्हणायचा, "अजून बोलत न्हाई गं." 

तर बाळा, तो गेला काविळीनं, तिनं त्याचं यकृत निकामी केलं होतं. कमरेच्या दगडाचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. डॉक्टरांना मी दोनदा विचारलं, दुसऱ्यांदा ते रागावले माझ्यावर. आणि दगडाचं म्हणशील तर तो तुझ्या बापानं आणि मी मिळून त्या भिंतीत ठेवला होता. तू फक्त सांगितलेलं ऐकलंस. सात वर्षांच्या पोरीनं आणखी काय करायचं असतं?

पाच वाजता पोरं अजून येतात. टेपचं बटण मी दाबते. ह्या पंधरवड्यात जमीन दोनदा बोलली, परवा तर फळीवरचा पेला सरकत सरकत कडेला आला. पोरं पळाली बाहेर, पण गेल्या महिन्यात गल्लीत दोन नवी आलीत, चार-पाच वर्षांची. ती गुरगुर ऐकली की पळत नाहीत, डोळे उघडे ठेवून दारातच थिजतात, त्या खाटेखालच्या प्रकाशसारखी. पोटातली भीती बाहेर पडली तर त्यांचे पाय हलतील, पण बेंबीपासून आवाज काढायला शिकवायचं मला जमत नाही, माझ्या घशातनं नुसता खोकला येतो. पिंकीलाही अजून येत नाही. शिकवणारी तू एकटीच राहिलीस.

घरात पाय टाकवत नसेल तर टाकू नको. आमचं आता सगळंच लिंबाखाली असतं, जेवणसुद्धा. तिथंच बस. वाटलं तर बोल, नाही वाटलं तर नको. पण ये गं पोरी... जमीन पुन्हा बोलायच्या आत ये.